ग्रामसभेत कातकरी वाडीही असावी म्हणून: नोटीस निघण्याआधीची तयारी

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती फळ्यावर लावली, दवंडी दिली, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली की कायद्याचं काम संपलं. वाडीचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवं. ही यादी रायगडातल्या पेण, सुधागड, कर्जतसारख्या भागांतल्या मिश्र गावांसाठी आहे. मोठं गाव एक, आजूबाजूला दोन-तीन पाडे, आणि त्यांतली एक कातकऱ्यांची वाडी. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते, तो रस्ता इथे बंद. वाडीला मोठ्या गावाच्या सभेतच बसावं लागतं, आणि हात वर करून मोजायचं म्हटलं तर ती दर वेळी हरणार. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. सर्वसहमतीने चालणारं, आधी अभ्यासगटात विषय घोळवणारं, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं ते गाव आहेच तसं. पण ते सगळं गोंडांचं गाव. इथली वाडी गावात मूठभर. म्हणून मेंढ्याची सर्वसहमती जशीच्या तशी उचलता येणार नाही. अभ्यासगट मात्र जरूर उचलावा, कारण वाडीचं म्हणणं हात वर होण्याच्या आधीच घ्यायचं आहे.

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्यांचे टेम्पो वाडीच्या तोंडाशी लागतात. पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला घरंच्या घरं पोराबाळांसकट निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा बघा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पहिल्या दोन्हींना वाडीत म्हातारीकोतारी माणसं आणि कुत्री. त्या सभांत वाडीचा विषय घेतला आणि 'कुणी हरकत घेतली नाही' असं लिहिलं, तर ते खरंही असतं आणि खोटंही. 'आमचा गाव, आमचा विकास' या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून चालते, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. वाडीची स्वतंत्र बैठक सप्टेंबरात उरका. भट्टी हंगामात घेतलेल्या ठरावावर वाडीपुरता अंमल पुढच्या पावसाळ्यातल्या सभेपर्यंत थांबवता येतो का, तेही सरपंचांशी आधीच बोलून ठेवा. बहुतेक वेळा येतो. घाई ठेकेदाराला असते.

मग कागद. ग्रामसभेचा सभासद म्हणजे मतदार यादीत नाव असलेला माणूस. नाव नसेल तर सभेतलं बोलणं 'गावकऱ्याने विचारलं' एवढंच उरतं. वाडीची यादी घरोघर वाचून दाखवा. लग्न होऊन आलेल्या सुना आणि नुकती अठरा पूर्ण झालेली पोरं हमखास राहिलेली असतात. नव्या नावाला सहा नंबरचा अर्ज, दुरुस्तीला आठ नंबरचा. याच फेरीत ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, बरोबर न्या आणि वाडीतली किती घरं आकारणीत आहेत ते जुळवून पाहा. जागा मालकीची नाही, खासगी मालकाची आहे, म्हणून घर नोंदलंच नाही, असं बऱ्याच वाड्यांत निघतं. घराखालच्या जमिनीचा प्रश्न ग्रामपंचायत एकटी सोडवू शकत नाही, हे वाडीला स्पष्ट सांगा. खोटी आशा लावून बैठकीला गर्दी जमवू नका.

बोलायचं कुणाशी, इथे खरी गोम आहे. वाडीत गेलं की एक चुणचुणीत माणूस पुढे येतो, खुर्ची आणून देतो, 'काय असेल ते मला सांगा' म्हणतो. पुष्कळदा तो मुकादम असतो. भट्टीची उचल त्याच्या हातून वाटली जाते, त्यामुळे त्याच्यासमोर कुणी वेगळं बोलत नाही. त्याला टाळता येत नाही, टाळूही नका. पण फक्त त्याच्याशी बोलून 'वाडीला विचारलं' म्हणू नका. तीच गोष्ट राखीव जागेवर निवडून आलेल्या ताईंची. त्यांना सदस्य कुणी केलं आणि अर्ज भरायला कोण घेऊन गेलं, हे गावाला ठाऊक असतं. ताईंना दोष नाही, पण वाडीच्या वतीने सही करण्याचा सगळा भार त्यांच्या एकटीवर टाकणं अन्यायाचं आहे. वेगवेगळ्या घरांतली पाच-सहा माणसं शोधा: एक शाळेत गेलेली पोरगी, एक मासे-खेकडे विकणारी बाई, एक म्हातारा, शक्य तर भट्टीवर न जाणारं एखादं कुटुंब. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना कुणाच्या घरात काय चाललंय ते कुणाहीपेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना विचारा, पण वाडीच्या जागी त्यांनाच बोलायला लावू नका.

बैठकीला जाताना न ठरलेले विषय न्या. टाकी कुठे बसवायची ते ठरलं, ठेकेदार ठरला, मग वाडीला 'तुमचं मत काय' विचारायचं, याला विचारणं म्हणत नाहीत. पैशांचं गणितही उघड ठेवा. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी निधीचे दोन भाग केले: ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. हे १५ टक्के गेल्या काही वर्षांत कशावर गेले त्याचा कागद काढा आणि वाडीत मोठ्याने वाचा. भांडी आणि सतरंज्या निघाल्या तर निघू द्या. पुढच्या वेळी काय घ्यायचं याची चर्चा तिथूनच सुरू होते. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या विशेष असुरक्षित जमाती. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम जनमन योजना आहे. त्यातलं कुठलं काम वाडीला आलं आणि कुठलं नाही, तेही त्याच बैठकीत सांगा.

बोलण्याची रीत बदला. प्रोजेक्टर, तक्ते, 'उद्दिष्टपूर्ती' वगैरे शब्द गाडीतच ठेवा. अंगणात राखेने वाडीचा नकाशा काढा: विहीर, शाळा, ओढा, रस्ता. टाकीच्या जागी एक दगड ठेवा आणि गप्प बसा. थोड्या वेळाने एखादी बाई उठते, दगड उचलते, वरच्या आळीत नेऊन ठेवते. तिथून पाणी आपोआप खाली येईल. खालच्या आळीत टाकी बांधली तर वरच्यांनी हंडे वाहायचे, असं ती दोन वाक्यांत सांगते. हे तिने ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये माईकवर सांगितलं नसतं. तो नकाशा वहीत उतरवून घ्या, खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू नका, वाडीतच घ्या, म्हणजे हा नकाशा तिथून रीतसर पुढे जाईल.

सभेच्या दिवसाचं थोडक्यात. सकाळी दहाची वेळ म्हणजे एक मजुरी बुडाली. वेळ दुपारनंतरची ठेवता आली तर ठेवा. वाडी लांब असेल तर जीपची सोय आधी करा. विषयपत्रिकेत वाडीचा विषय वरच्या तीनांत घ्या, शेवटी ठेवलात तर तोवर अर्धी माणसं उठलेली असतात. वाडीची माणसं दाराशी, चपलांच्या ढिगापाशी बसतात. पुढच्या दोन रांगा आधीच मोकळ्या ठेवा आणि आपल्यातल्याच कुणाला तरी त्यांच्याबरोबर बसवा, नाहीतर त्या रांगा रिकाम्याच राहतील. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. नको असलेला विषय दुसऱ्या, ओस सभेत गुपचूप मंजूर करायची ही जुनी पळवाट आहे. तहकुबीची नवी तारीख त्याच दिवशी वाडीत कळवायची जबाबदारी कुणाची, ते नाव घेऊन ठरवा. वनहक्काचा विषय असेल तर हिशेब वेगळा: निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया.

शेवटचं, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं: इतिवृत्त. हजेरीच्या कोऱ्या पानावर आधी सह्या आणि ठराव मागाहून, ही पद्धत अजून मेलेली नाही. ठराव तिथल्या तिथे लिहून घ्या, सभा उठायच्या आत मोठ्याने वाचा, वाडीची सूचना ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत लिहिली आहे का ते वाडीतल्याच माणसाकडून तपासून घ्या. सूचना फेटाळली असेल तर कारणासकट लिहा. 'चर्चा झाली' हे कारण नव्हे. ठरावाची झेरॉक्स वाडीत दोन घरी ठेवा, त्यातलं एक घर मुकादमाचं नको. आणि आठवड्याभरात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा सरपंचांनी वाडीत जाऊन काय मंजूर झालं, पैसे कुठल्या सदरातून येणार, काम कधी लागणार हे सांगावं. दिवाळीच्या आत; नंतर ऐकायला घरी कुणी नसतं.