उद्यम प्रमाणपत्र जोडूनही टेंडर बाद? गोव्यातल्या छोट्या कंत्राटदारांनी या चुका टाळा

टेंडरचा तांत्रिक लिफाफा (पात्रतेच्या कागदांचा) उघडतो आणि आपल्या नावापुढे शेरा दिसतो: ईएमडी (टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम) भरलेली नाही, निविदा अपात्र. सत्तरी, सांगे, पेडणे अशा तालुक्यांतून सरकारी कामात नव्याने उतरणाऱ्यांवर ही पाळी वरचेवर येते. त्यांचे म्हणणे ठरलेले असते, 'आमच्याकडे उद्यम (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारी नोंदणी) आहे, आम्हाला ईएमडी माफ.' अशी माफी आहे हे खरे. पण ती त्या कामाला लागू नसते, आणि ते त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते. छोट्या स्थानिक उद्योगांसाठी सरकारचा आधार नक्कीच आहे. मात्र कुठला आधार कुठल्या टेंडरला चालतो हे न पाहता तो वापरला, की हातचे काम जाते.

ईएमडीची सवलत केंद्र सरकारच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणातून आली. केंद्रीय मंत्रालये, केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असे ते सांगते. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. पण हे सगळे माल आणि सेवा यांच्या खरेदीपुरते आहे. रस्ता, साकव, संरक्षक भिंत, शाळेची इमारत ही बांधकामाची कंत्राटे त्यात येत नाहीत, तसा खुलासा केंद्रीय एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयानेच केलेला आहे. शिवाय साबांखा (सार्वजनिक बांधकाम खाते), जलस्रोत खाते, साधनसुविधा विकास महामंडळ, पालिका, पंचायत या राज्याच्या यंत्रणा. केंद्राचे धोरण त्यांना आपसूक लागू होत नाही.

म्हणून बांधकामाच्या टेंडरला ईएमडी भरायचीच आहे असे धरून चला. सवलत निविदा सूचनेत स्पष्ट लिहिलेली दिसली तरच वापरा. शंका असेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. कार्यालयातल्या कोणी तोंडी 'चालेल' म्हटले, तर छाननीच्या वेळी त्याला किंमत नसते.

याची दुसरी बाजू अनेकांच्या लक्षातच येत नाही. हाच माणूस पेव्हर ब्लॉक बनवत असेल, गटारावरची प्रीकास्ट झाकणे ओतत असेल किंवा लोखंडी ग्रिल-गेट तयार करत असेल, तर गोवा शिपयार्ड किंवा कोकण रेल्वे या केंद्राच्या कंपन्यांच्या माल खरेदीत त्याला या धोरणाचा पुरा लाभ मिळू शकतो. समजा सर्वांत कमी दर एका मोठ्या कंपनीचा १०० रुपये आला आणि तुमचा ११२. तुम्ही १५ टक्क्यांच्या आत आहात, त्यामुळे दर १०० वर आणायची तयारी दाखवून मालाचा किमान २५ टक्के हिस्सा तुम्हाला घेता येतो. अट एवढीच, की माल तुम्ही स्वतः बनवलेला असावा. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याला ही सवलत नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. हार्डवेअर दुकानाचे उद्यम जोडून टेंडर भरणारे इथेच अडकतात. नोंदणी करताना उत्पादन की सेवा हे नीट निवडा, आणि त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. पोर्टलवर ती मोफत आहे.

अनुभवाचे कागद हा याहून अवघड विषय. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर खाणपट्ट्यातले कितीतरी टिपर आणि जेसीबीवाले बांधकामाकडे वळले. मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, रस्ते खोदले, भराव घातले, पण त्यांच्या नावावर कागद एकही नाही. टेंडर मात्र कागदच मागते. सर्वसाधारण अट अशी असते: गेल्या सात वर्षांत, अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, ५० ते ६० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे. हाताखालचे काम करतानाही लेखी वर्क ऑर्डर मागा, पैसे बँकेतून घ्या आणि कापलेला टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) आपल्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या कर-नोंदीत, दिसतो का ते पाहा. खाजगी कामाचा पुरावा म्हणून पुष्कळ टेंडरांत हेच मागतात. सरकारी काम संपले की त्याच आठवड्यात कार्यकारी अभियंत्याकडून पूर्णत्वाचा दाखला घ्या. अभियंत्याची बदली झाल्यावर जुन्या कामाचा दाखला मिळवणे किती जिकिरीचे असते, हे डिव्हिजनच्या (अभियंत्याच्या विभागीय कार्यालयाच्या) पायऱ्या झिजवलेल्यांना विचारावे. सुरुवातीला छोटी कामे घ्यायला संकोच वाटू देऊ नका, दाखला त्यांचाही मिळतो.

अनुभव असूनही निविदाक्षमतेत (आणखी किती रकमेचे काम पेलेल या हिशेबात) घसरणारे आहेत. हिशेब साधा आहे, तरी तो टेंडर भरल्यावर केला जातो. गेल्या काही वर्षांत ज्या वर्षी सर्वांत जास्त काम झाले त्या वर्षाचा आकडा, गुणिले नव्या कामाचा कालावधी वर्षांत, गुणिले दीड किंवा दोन (निविदेत दिले असेल ते), आणि त्यातून हातातली शिल्लक कामे वजा. सर्वोत्तम वर्षाचे काम १.२० कोटी, नवे काम सहा महिन्यांचे, गुणक दीड. आकडा येतो ९० लाख. हातात ४० लाखांचे काम असेल तर उरले ५० लाख. अशा वेळी ६० लाखांचे टेंडर भरणे म्हणजे मेहनत वाया.

ई-टेंडर पोर्टलवरच्या चुका छोट्या असतात, नुकसान मोठे. बीओक्यूच्या (कामाच्या बाबी आणि दर भरायच्या तक्त्याच्या) एक्सेल फाइलचे नाव किंवा रचना बदलू नका. शुद्धिपत्रकात नवी बीओक्यू आली असेल तर जुनी चालत नाही, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धिपत्रके तपासत राहा. डिजिटल स्वाक्षरीची मुदत आधी पाहून ठेवा. आणि सगळे अपलोड झाल्यावर 'फ्रीज बिड सबमिशन' दाबून पावती काढा, त्याशिवाय निविदा सादर झालेली नसते.

दर टाकताना गोवा शेड्यूल ऑफ रेट्सच्या (सरकारी दरपत्रकाच्या) किती टक्के खाली जायचे एवढाच विचार होतो, आणि पुढचा तोटा तिथेच ठरतो. सरकारी बांधकामावर १८ जुलै २०२२ पासून सर्वसाधारणपणे १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी १२ होता. भरलेला दर जीएसटीसकट धरला जाणार की वेगळा, हे अटींत वाचा. बिलातून बांधकाम कामगार उपकर १ टक्का जातो, आयकराचा टीडीएस एकट्या मालकाला १ टक्का आणि भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के, वर सिक्युरिटी डिपॉझिट. चिरे, खडी, माती यांच्या रॉयल्टीच्या पावत्या जपल्या नाहीत तर तीही बिलातून वसूल होऊ शकते. गोव्यात वाळूचा प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात अडकलेला, त्यामुळे भाव टेंडरच्या दिवशीचा एक आणि काम सुरू होताना दुसरा. पावसाचेही तसेच. एप्रिलमध्ये वर्क ऑर्डर मिळालेल्या सहा महिन्यांच्या रस्त्याच्या कामातले जून ते सप्टेंबर हॉटमिक्ससाठी (गरम डांबरीकरणासाठी) गेलेच समजा. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी, कारणासह, लेखी द्या. आणि दोषदायित्वाच्या काळात (काम संपल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते त्या मुदतीत) खड्डा पडला तर तो स्वखर्चाने बुजवायचा आहे, तो खर्चही दरात धरा.

आता पैशांचे. बँक तारण मागते म्हणून सावकाराकडे जाण्याआधी सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची) हमी विचारा. एप्रिल २०२५ पासून ती १० कोटींपर्यंतच्या कर्जाला तारणाशिवाय मिळू शकते, आणि बँक गॅरंटीसारख्या मर्यादेलाही. शाखेत पहिले उत्तर नकाराचे आले तर मडगावच्या केंद्रीय एमएसएमई विकास कार्यालयात जाऊन माहिती घ्या.

थकलेल्या बिलासाठी ४५ दिवसांचा एमएसएमई कायदा सगळ्यांना माहीत असतो. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रार सुविधा परिषदेकडे (या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) करता येते. पण बांधकाम कंत्राटाला हा कायदा लागू नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी घेतली आहे. मोठ्या कंपनीला खडी पुरवणे किंवा जेसीबी भाड्याने देणे हे मात्र माल आणि सेवेत मोडते. अशा व्यवहाराची ऑर्डर आणि बिल बांधकामात मिसळू नका, आणि उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीच करून ठेवा.

एक रक्कम तर अनेकजण तशीच सोडून देतात. अडीच लाखांवरच्या कंत्राटात सरकारी खाते जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापते. खात्याने विवरण भरल्यावर ती रक्कम जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट रिसीव्ह्ड' या ठिकाणी दिसते. तिथे जाऊन स्वीकारल्याशिवाय ती तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) जमा होत नाही. ४० लाखांच्या कामावर हे ८० हजार रुपये झाले, आणि पुढचा जीएसटी त्यातून भरता येतो. खात्याने विवरणच भरले नसेल तर डिव्हिजनच्या लेखा शाखेला जीएसटी क्रमांक आणि बिलाची तारीख देऊन लेखी आठवण करा.