जुन्या साड्यांची गोधडी शिवताय? मग या चुका टाळा

दिवाळीची आवराआवर झाली की आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन जणी दरवर्षी जुनेरांचं गाठोडं घेऊन माझ्याकडे येतात. "काकू, एवढी गोधडी का बिघडली ते बघा ना." मी गाठोडं सोडायच्या आधीच ओळखते काय झालं असेल ते. गेली बारा वर्षं चुका त्याच आहेत. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

सगळ्यात आधी एक सांगते. गोधडी बिघडते ती सुई हातात घ्यायच्या आधी. टाके वेडेवाकडे आले तरी काही अडत नाही, चार धुण्यांनंतर ते दिसतही नाहीत. पण कापड निवडताना आणि अंथरताना केलेली घाई वर्षानुवर्षं उशापायथ्याशी दिसत राहते.

नवं कापड पाण्यातून न काढता लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचं दुःख अजून आहे. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या तीन सुती नऊवारी माझ्याकडे आल्या. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो, आणि पन्हा साधारण चार फूट. एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. कापायचं कमी, वाया काही नाही. जुन्या बायकांना हे मोजमाप पाठच असायचं.

मी दोन गोधड्या करायच्या ठरवल्या, एक आमच्याकडे आणि एक धाकट्या दिरांकडे. लुगडी विरलेली होती, म्हणून खालच्या बाजूला मजबुतीसाठी पेठेतून नवं मांजरपाट आणलं. कोरं, कडक, छान सरळ बसणारं. तसंच अंथरलं आणि शिवायला घेतलं. रोज जेवणं झाल्यावर तास-दीड तास. पहिली गोधडी पूर्ण व्हायला जवळजवळ दोन महिने लागले.

पहिल्या धुण्यात मांजरपाट आटलं. लांबीत चांगलं सहा-सात बोटं. लुगडी शेकडो वेळा धुतलेली, ती आटणार कुठून? खालचं कापड आखडलं आणि वरची लुगडी टाक्याटाक्यांमधून फुगून आली. नांगरलेल्या रानासारख्या सऱ्या पडल्या. अंगावर घेतली तर कडक, अंथरली तर पाठीला टोचणारी. मी ब्लेडने एकेक टाका उसवत बसले. पण विरलेल्या लुगड्यात सुईची भोकं पडली होती, दोरा ओढला की कापड फाटत गेलं. चारातले दोन थर हाती लागले, दोन गेले. ते लुगडं परत मिळणार नव्हतं.

तेव्हा आई आमच्याकडे आलेली होती. तिचं माहेर विट्याजवळचं. तिने हात फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "पाण्यातनं काढल्याबिगर कापडाला सुई लावायची न्हाई, बाय."

तेव्हापासून माझी सवय अशी: कुठलंही नवं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सकाळी साबणाने धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, आणि हे सगळं दोनदा. दुकानदार "आटत नाही" म्हणाला तरी दोनदा. आणि खरं सांगू का, नवं कापड आणायचीच गरज क्वचित पडते. जुनी सुती चादर असते, धोतर असतं, उशांचे अभ्रे जोडले तरी खालचा थर होतो. बाजारातून कापड, वरून भरायला कापसाची तयार शीट, असं सगळं विकत आणून केलेल्या गोधडीत बचत कसली, ते मला कळत नाही.

धुण्याच्या याच फेरीत रंगही बघून घ्या. पांढरी चिंधी ओली करून गडद काठावर जोरात घासायची. चिंधी लाल झाली तर ते कापड आत घालू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं बऱ्याच जणी सांगतात, माझ्या हातून एकदाही झालेला नाही.

टाचून न घेणं

"कच्चे टाके नंतर काढायचेच आहेत, तर घालायचे कशाला?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात ऐकू येतो. आमच्याकडे गोधडी काठापासून सुरू होते. कडेने एक फेर पूर्ण, मग बोटभर अंतरावर आत दुसरा, असं करत मध्यापर्यंत जायचं. आता विचार करा. थर सुटे असतील तर प्रत्येक फेरीला कापड थोडंथोडं आत सरकतं. शेवटी सगळा झोल मधोमध गोळा होतो आणि तिथे चुणी घालून दाबून टाकण्याशिवाय मार्ग उरत नाही. ती चुणी बरोबर पाठीखाली येते.

मी हॉलमधली फरशी पुसून कोरडी करते, सगळ्यात खालचा थर ताणून अंथरते आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवते: वरवंटा, खलबत्ता, तांदळाचा डबा, जे असेल ते. मग एकेक थर टाकायचा आणि दोन्ही तळहातांनी मधून कडेकडे सारत जायचं. हात फिरवताना चुणी बोटांना लगेच जाणवते, डोळ्यांना दिसायच्या आधी. सगळे थर बसले की वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने वीत-वीत अंतरावर लांब टाके, तेही मधून बाहेर. टाचायचं मधून, शिवायचं काठापासून. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी गोधडी जिंकली.

यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्या. मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ बघून रविवारी सुरू करून रविवारीच संपवायला निघालेल्या मुली मी बघते, तेव्हा वाईट वाटतं. हौस खरी असते, पण ती पहिल्याच गोधडीत विझते. तेवढा वेळ नसेल तर आधी तान्ह्या बाळाचं दुपटं शिवा, मऊ जुन्या सुती साडीचे तीन थर पुरतात. आठ-दहा दिवसांत होतं आणि हात बसतो.

सिंथेटिक साडी आत ढकलणं

घरात नकोशा साड्या बहुतेक सिंथेटिकच असतात, म्हणून त्याच आत जातात. त्या टाक्याखाली सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि गोधडीची ऊब मिळायच्या ऐवजी अंग चिकट होतं. ओळखू येत नसेल तर कडेचा एक दोरा काढा आणि मोरीत धरून पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख बोटाने चुरते. सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो, आणि मिश्र धाग्यातही तो मणी लागतो. मणी झाला की साडी बाजूला. तिच्या लांब पट्ट्या फाडून वेणी घाला आणि गोल शिवून पायपुसणं करा, वर्षभर टिकतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. दाभणाने शिवू नका, ते पोत्यांसाठी असतं, जुन्या कापडाला भोकं पाडतं. लांब, बारीक आणि मजबूत सुई घ्या, बोटात अंगुस्तान घाला. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो आणि घासून तुटतो. गाठ थरांच्या आत लपवा, दुपट्यात तर नक्कीच. जरीचे काठ काढून टाका, टोचतात. जीन्सचे तुकडे घालू नका, गोधडी भिजल्यावर उचलत नाही. घरच्या मशीनवर पाच थर चढवू नका.

आणि पावसाळ्यात धुऊ नका. आतला थर वाळत नाही आणि कुबट वास बसतो. माझ्या गोधड्या वर्षातून दोनदा धुतल्या जातात, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि दसऱ्याच्या आधी. न पिळता दोन काठ्यांवर आडव्या टाकते, दुपारी बाजू पालटते.

शिवून झालेली गोधडी आधीच बिघडली असेल तर लगेच उसवायला बसू नका. मधला झोल थोडा असेल तर तिथले चार-पाच फेरच सोडवा, हाताने सारून कापड बाहेर काढा, पुन्हा टाचा. एखाद्या जागी वरचं कापड विरलं तर त्याच पोताच्या जुन्या कापडाचं ठिगळ लावा, नव्या कापडाचं नको, ते कडेने फाडत जातं. सगळाच वरचा थर गेला तर त्यावर आणखी एक जुनेर अंथरून पुन्हा फेर घाला. आईच्या वाकळेवर असे दोन थर चढलेत. सगळ्यात वरचा माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या निळ्या साडीचा आहे, आणि कडेला फाटलं आहे तिथून आत आजीचं हिरवं लुगडं दिसतं.