स्लाइड बंद असताना आरव्हीत वावरायचं कसं

आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, शोरूममध्ये गेलात की सगळ्या स्लाइड (भिंतीचे सरकते तुकडे) बाहेर काढलेल्या असतात, दिवे लावलेले असतात, ओट्यावर प्लॅस्टिकची लिंबं मांडलेली असतात. आत पाऊल टाकलं की वाटतं, अरे, हा तर फ्लॅटच! तो फ्लॅट कँपग्राउंडवर पोचल्यावर मिळतो. वाटेत, रेस्ट एरियात, लेकाला बाथरूमला जायचंय आणि सासूबाईंची गोळी फ्रिजशेजारच्या कपाटात आहे, तेव्हा हाती येते ती बंद स्लाइडची बोळकांडी. अकरा वर्षं आणि दोन ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायच्या आरव्ही) झाले, शिकागोहून बॅडलँड्स आणि यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांच्या फेऱ्या झाल्या, आणि तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी नव्याने आरव्ही घेतलेलं मला फोन करून विचारतं, "अगं, आत शिरताच येत नाहीये, काय करू?" तेव्हा एकदाच लिहून टाकते.

ज्यांनी स्लाइड पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या हायवेवर गाडीची रुंदी साधारण साडेआठ फुटांपर्यंतच चालते. घर त्याहून रुंद हवं, म्हणून भिंतीचा एक तुकडा सोफ्यासकट किंवा पलंगासकट मोटरवर बाहेर सरकवतात. इंडियानातल्या न्यूमार कंपनीने १९९० मध्ये मोटरहोमला, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीला, अशी स्लाइड लावली आणि मग सगळ्यांनीच लावली. प्रवासात ती आत ओढायचीच. आत आली की सोफा थेट ओट्याला येऊन भिडतो.

विकत घ्यायच्या आधी: स्लाइड बंद करायला लावा

हे एवढं केलंत तर पुढचा निम्मा लेख वाचावा लागणार नाही. सेल्समनला म्हणा, सगळ्या स्लाइड आत घे आणि आम्हाला बाहेरून आत शिरू दे. तो "हो हो, पाच मिनिटांत करतो" म्हणेल आणि वॉरंटीबद्दल बोलायला लागेल. तुम्ही दाराशी उभेच राहा. ब्रोशरमधला नकाशा बघून ठरवू नका. तो नेहमी स्लाइड बाहेर असतानाचाच असतो.

मग घरातल्या सगळ्यात जाड माणसाला पुढे घाला. दार पूर्ण उघडतं का? बाथरूमपर्यंत जाता येतं का, आणि आत गेल्यावर बाथरूमचं दार लागतं का? फ्रिज उघडतो का? शेगडीपुढे उभं राहता येतं का? पलंगावर निदान एका बाजूने चढता येतं का? आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये फ्रिजचं दार चार बोटं उघडायचं आणि मधल्या ओट्याला अडायचं. ताकाची बाटली मी दोन बोटांच्या चिमटीत धरून, आडवी करून, झाकण घट्ट आहे ना याची देवाला प्रार्थना करत बाहेर काढायचे. एकदा झाकण घट्ट नव्हतं.

माझं मत विचाराल तर बाथरूम आणि फ्रिज या दोनच गोष्टींवर अडून बसा. पलंगाचं जमवता येतं, सोफ्यावर चहा पिता येतो. बाथरूमपर्यंत पोचता येत नसेल तर ते मॉडेल कितीही आवडलेलं असो, घेऊ नका.

आधीच घेऊन बसला असाल तर

ड्राइव्हवेमध्ये स्लाइड आत घ्या, टेप घेऊन उरलेली वाट मोजा, स्लाइडची कड जिथे येते तिथे जमिनीवर मास्किंग टेप चिकटवा. त्या टेपच्या आत प्रवासात काहीही ठेवायचं नाही, चप्पलसुद्धा. स्लाइडखाली सापडलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलाचा आवाज मी ऐकलाय. ड्रॉवर आणि कपाटांची दारं बंद आहेत ना, हे एकाने आत उभं राहून बघायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं.

सामान लावताना घरच्यासारखं लावू नका. वाटेत लागणारं सगळं दारापासून हात पोचेल तिथे: औषधं, टॉयलेट पेपर, केटली, चहा-साखर, एक पातेलं, दशम्यांचा डबा, प्रत्येकाचा एक स्वेटर. बाकी कुकर, पोळपाट, पिठं खुशाल आतल्या कपाटात जाऊ देत. पलंगाखालचा कप्पा बाहेरच्या छोट्या दारातून उघडत असेल तर रात्रीचं अंथरूण तिथेच ठेवा. बाहेरूनच काढता येतं.

थोडीशीच उघडू का?

आता मुख्य मुद्दा. तुम्हाला अनुभवी म्हणवणारा कोणीतरी सांगेल, "अगं, फूटभर उघडायची, काम झालं की परत आत." मलाही सांगितलं होतं. मी केलं. तुम्ही करू नका.

आमच्या ट्रेलरच्या स्लाइडला भिंतीतली यंत्रणा आहे. ओळखायची खूण म्हणजे स्लाइडच्या दोन्ही उभ्या कडांवर, वर आणि खाली, ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसतात. दोन बाजूंना दोन वेगळ्या मोटरी असतात आणि कंट्रोलर त्यांना एका चालीत चालवतो. स्लाइड शेवटपर्यंत गेली, दोन्ही मोटरी टेकून आपोआप थांबल्या, की त्यांचा हिशोब पुन्हा जुळतो. मधेच थांबवली, परत आत घेतली, परत थोडी बाहेर काढली, की दर वेळी थोडा थोडा फरक साठत जातो. बॅटरी उतरलेली असेल तर आणखी लवकर.

साउथ डकोटात, ट्रक उभे राहतात अशा एका तळावर आम्ही रात्री थांबलो होतो. मुलाला गाढ झोप लागली होती, त्याची उशी सोफ्यामागे अडकली होती. मी फूटभर स्लाइड उघडली, उशी काढली, स्लाइड बंद केली. मग पाण्याची बाटली आठवली. मग सासूबाईंचा चष्मा. रात्रीत तीन-चारदा हा खेळ झाला आणि शेवटी कंटाळून मी ती अर्धवटच सोडून झोपले. पहाटे पाऊस आला. स्लाइडचं रबर पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर असतानाच नीट दाबून बसतं, अधेमधे त्याला काही अर्थ नसतो. सोफ्याच्या कोपऱ्यातून पाणी टपकायला लागलं. मी धावत जाऊन बटण दाबलं. पुढची बाजू आत आली, मागची जागेवरच. अख्खी भिंत तिरकी झाली, वरून करकर आवाज आला, आणि मी बटण सोडून दिलं. सोडलं हे एकच शहाणपण मी त्या रात्री केलं. तिरक्या स्लाइडवर बटण दाबत राहिलात तर दाते झिजतात, मग दुरुस्ती खिशाला परवडत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. स्लाइड पूर्ण बाहेर काढायची, मोटरी आपोआप थांबल्या तरी दोन-चार सेकंद बटण सोडायचं नाही. मग पूर्ण आत घ्यायची, तिथेही तसंच. एकदोनदा केलं की दोन्ही बाजू एका रेषेत येतात. पण पूर्ण बाहेर काढायला तीन फूट जागा हवी, आणि आमच्या शेजारी दोन फुटांवर अठरा चाकांचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरला उठवावं म्हटलं तर नवऱ्याने अडवलं. अमेरिकेत मालवाहू ट्रक ड्रायव्हरला पुन्हा गाडी हाती घ्यायच्या आधी सलग दहा तास विश्रांती सक्तीची असते. मध्येच उठवलं तर त्याचा दिवस बिघडतो. तो अकरा वाजता उठला. तोवर आम्ही तिरक्या भिंतीखाली पातेली लावून बसलो होतो. त्याने ट्रक पुढे घेतला, स्लाइडकडे बघून मान हलवली आणि मला कॉफी आणून दिली.

ट्रक हलला तरी काम लगेच झालं नाही, कारण बॅटरी. मीटर ११.९ व्होल्ट दाखवत होता. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बॅटरी रात्रभर हीटरच्या पंख्यात खर्ची पडली होती. गाडीच्या सात पिनांच्या प्लगमधून ट्रेलरला मिळणारा करंट स्लाइडच्या मोटरीला पुरत नाही, हेही तेव्हाच कळलं. जंपर केबलने गाडीची बॅटरी थेट जोडून, इंजिन चालू ठेवून, पंधरा मिनिटं थांबलो, मग स्लाइड हलली. तेव्हापासून माझा नियम असा की स्लाइडच्या बटणाला हात लावायच्या आधी व्होल्टमीटर बघायचा. बाराच्या आसपास असेल तर आधी चार्जिंग.

तरीही हलली नाही तर कंट्रोलर शोधा. तो कुठे आहे हे घरी असतानाच बघून ठेवा. आमचा पुढच्या सामानाच्या कप्प्यात, पॅनेलमागे निघाला. अशा बऱ्याच कंट्रोलरवर मोडचं बटण असतं. ते भराभर सहा वेळा दाबायचं, सातव्यांदा दाबून धरायचं, दिवे लुकलुकले की सोडायचं. मग भिंतीवरच्या नेहमीच्या बटणाने स्लाइड आत-बाहेर होते, पण दोन बाजूंचा मेळ कंट्रोलर बघत नाही. म्हणून दोन माणसं दोन टोकांना उभी करा आणि एक बाजू पुढे गेली की ओरडायला सांगा. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका, माझं नाही.

तुमची स्लाइड खालून जाड दातेरी दांड्यांवर चालत असेल तर हाताने फिरवायचा दांडा (क्रँक) असतो; हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, असेल तर पंपावर व्हॉल्व्ह असतो आणि बहुधा पंप ड्रिलने फिरवता येतो. या यंत्रणा जास्त सोसतात. फूटभर उघडणारे लोक बहुतेक याच जातीचे, म्हणून त्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर असेल. पाऊस मात्र त्यांच्याही रबरातून आत येतो. आणि जिथे स्लाइडची जमीन उघडल्यावर खाली उतरून मुख्य जमिनीला समतल होते, तिथे अर्धवट उघडलेल्या स्लाइडवर कोणाला चढू देऊ नका. पूर्ण बाहेर नाहीतर पूर्ण आत, मधलं काही नाही.

कुठे उघडायचीच नाही

दुकानाच्या पार्किंगमध्ये. वॉलमार्टच्या काही दुकानांत रात्री थांबू देतात, काही ठिकाणी गावाचा नियमच आडवा येतो. आत जाऊन मॅनेजरला विचारायचं. हो म्हटलं तर स्लाइड बंद, खुर्च्या बाहेर नाहीत, पहाटे निघायचं. काही लोक तिथे ग्रिल पेटवतात, आणि मग पुढच्या वर्षी "नो ओव्हरनाइट" ची पाटी लागते.

डोक्यावर बर्फ साचलाय तेव्हा. उतारावर, ट्रेलर स्थिर ठेवणारे जॅक न लावता. आणि ट्रेलर ओढला जात असताना त्यात कोणी बसायचं नाही, स्लाइड कशीही असो. बऱ्याच राज्यांत ते बेकायदाही आहे.

झोपायच्या आधी

बंद स्लाइडमध्ये झोपणार असाल तर एक गोष्ट अंधार पडायच्या आधी करा. इमर्जन्सीची खिडकी, लाल खिट्यांची, ती बंद स्लाइडच्या मागे दडलेली तर नाही ना? काही ट्रेलरमध्ये पलंगावरून तिथे पोचायची वाटच बुजते. तशी असेल तर त्या खोलीत झोपू नका, पुढच्या सोफ्यावर पसरा. हीटरची गरम हवा येणारी जाळी जमिनीत असेल तर स्लाइड तिच्यावर येऊन बसलेली नाही ना हेही बघा, आणि शेगडी पेटवली तर छतावरची खिडकी उघडी ठेवा.

मग ती लाल खिटी सगळ्यांकडून एकेकदा उघडून घ्या. आमच्याकडे सासूबाईंनी पहिल्या झटक्यात उघडली. मला तीनदा ओढावी लागली. रबर काचेला चिकटून बसलं होतं. आता दर मे महिन्यात, ट्रेलर बाहेर काढला की, मी त्या रबरावर टाल्कम पावडर लावते.