पोलिसांची नोटीस आली? या चुका टाळा

नोटीस हातात पडली की लोक दोनच गोष्टी करतात. मोबाइल बंद करतात, नाहीतर 'आपला एक माणूस आहे पोलिसात' म्हणून त्याला फोन लावतात. नोटीस शेवटपर्यंत वाचून माझ्याकडे आलेला पक्षकार वर्षाकाठी एखादाच.

आधी कलम बघा. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे आकडे बदललेत. १७९ म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावलंय. ९४ म्हणजे कागदपत्रं हवीत. ३५(३), म्हणजे जुनी ४१-अ, आली तर संशय तुमच्यावर आहे. पण अटकेची गरज तूर्तास वाटत नाही, हेही त्यातच आलं. बोलावतील तेव्हा जात राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेला नाहीत तर ते कारण तुम्हीच पुरवलंत.

एका दुकानदाराविरुद्ध भागीदाराने फसवणुकीची तक्रार दिली होती. बँकेची स्टेटमेंट, भागीदाराच्या सहीच्या पावत्या, सगळं याच्या बाजूचं. आणि हा गडी नोटीस मिळताच मामाच्या गावाला! कुणीतरी सांगितलेलं, "आठ दिवस दिसू नका, मी मिटवतो." दुसरी नोटीस दारावर चिकटली तेव्हा तो माझ्याकडे आला. सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज लावला. सरकार पक्षाच्या 'से'ला, म्हणजे लेखी म्हणण्याला, तपास अधिकाऱ्याचा अहवाल जोडलेला होता: अमुक तारखेला घराला कुलूप, तमुक तारखेला फोन बंद, शेजाऱ्यांकडे विचारपूस केली. न्यायाधीशांनी पावत्यांपर्यंत पान उलटलंच नाही. "नोटीस मिळाली होती ना? मग हे होते कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. पुढे हायकोर्टात दिलासा मिळाला, पण तोवर घरातल्या कुणाला धड झोप नव्हती.

खरंच जाता येत नसेल तर लेखी मुदत मागा, पुढची तारीख स्वतः सुचवा. मी अर्ज दोन प्रतींत करतो. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. घेतलाच नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट. "साहेबांना फोनवर सांगितलंय" याला कोर्टात काडीचीही किंमत नाही.

व्हॉट्सॲपवर ३५ची नोटीस पाठवणं ही रीतसर बजावणी नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. पण म्हणून ती वाचून गप्प बसू नका. शहाणपणा दाखवायचाच तर रीतसर नोटीस द्या असं पत्र पाठवून दाखवा.

आता घाईवाले. आल्या आल्या म्हणतात, "आजच अटकपूर्व लावा." अहो, गुन्हा जामीनपात्र असेल तर ४८२चा, म्हणजे अटकपूर्व जामिनाचा अर्ज चालतच नाही. अजामीनपात्र असेल तर एफआयआरची वाट बघायची गरज नाही, हे गुरबक्षसिंग सिब्बिया प्रकरणात १९८० मध्येच ठरलंय; मात्र भीतीला ठोस आधार दाखवावा लागतो. आणि अर्ज लावला म्हणजे अटक थांबली, असं समजू नका. अंतरिम संरक्षणाचा आदेश होईपर्यंत पोलिसांचे हात मोकळे असतात.

जुना गुन्हा वकिलापासून लपवणारे तर माझ्या डोक्यात जातात. सरकारी वकिलाला तो एका पानात सापडतो.

जामिनाचा आदेश मिळाला की पेढे वाटतात आणि ठाण्यातली हजेरी विसरतात. अट 'दर सोमवारी ११ ते १' असेल तर साडेबाराला जाऊन गर्दीचं रडगाणं गाऊ नका. सव्वाअकराला जा, नोंद झाली का ते स्वतः बघा. मागच्याच आठवड्यात एकाने विचारलं, "वकीलसाहेब, सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी गेलो तर चालेल?" पोलीस ठाण्याला सुट्टी नसते, दादा.