हलता फ्लेक्स नको! धंद्याचे व्हिडिओ करताना या चुका टाळा

अंबाजोगाईकडच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्या अण्णांनी मला त्यांचा पहिला व्हिडिओ मोठ्या हौसेनं दाखवला होता. सुरुवात ड्रोननं. खाली गाव, मंदिराचा कळस, मग दुकानाचं पत्र्याचं छप्पर. मग खुद्द अण्णा, पांढरा शर्ट, गॉगल, बुलेटवरून स्लो मोशनमध्ये उतरतायत. मागं डीजेचं गाणं. शेवटी गोल फिरत अक्षरं आली: प्रोप्रायटर अमुक, सौजन्य तमुक मित्रमंडळ. संपलं. अख्ख्या व्हिडिओत मोटार एकदाही दिसली नाही.

लाइक भरपूर होते. सगळे भाच्यांचे, साडूंचे, तालमीतल्या पोरांचे. गिऱ्हाइकाचा फोन मात्र एकही नाही.

मी लग्नाचं शूटिंग करता करता या कामात आलो, त्यामुळं यात आमच्या धंद्याचाही दोष आहे हे कबूल करतो. आम्हाला प्री-वेडिंग येतं, म्हणून आम्ही कापड दुकानाचंही प्री-वेडिंगच करतो. त्यात आपल्याकडं चौकाचौकांत फ्लेक्सची सवय. जाहिरात म्हटलं की मोठा फोटो आणि खाली नावांची रांग. व्हिडिओ केला तरी तो हलता फ्लेक्सच होतो. फ्लेक्स बघणारा माणूस चौकात सिग्नलला थांबलेला असतो, व्हिडिओ बघणाऱ्याचा अंगठा मात्र सतत सरकत असतो. हा फरक विसरला की पुढच्या निम्म्या चुका आपोआप होतात.

तोंड दाखवलं, काम दाखवलंच नाही

अण्णांचा दुसरा व्हिडिओ आम्ही दुकानातच केला, ड्रोनशिवाय. एक जळालेली थ्री फेज मोटार टेबलावर उघडलेली होती. अण्णांनी बोट ठेवून दाखवलं: तारांचे काही गट कोळशासारखे काळे आणि त्यांच्या मधले गट अजून तांबूस, जसेच्या तसे. म्हणाले, "मामा, हे बगा. ही मोटार दोन फेजवर चालली. एक फेज गेली अन् ऑटोनं, म्हंजी आपोआप मोटार लावणाऱ्या स्टार्टरनं, मोटार तशीच लावली. सगळं वाइंडिंग सारखं करपलं असतं तर म्हणलो असतो व्होल्टेज कमी होतं नाहीतर लोड जास्त पडला." मग दुसरी मोटार पुढं ओढली, ती सगळीकडून सारखी करपलेली. पुढं एक वाक्य फेज गेल्यावर मोटार बंद करणाऱ्या प्रिव्हेंटरबद्दल आणि शेवटी दुकान कुठं ते. पन्नास सेकंद. रब्बीची पाणी पाळी सुरू व्हायच्या तोंडावर तो टाकला आणि ज्यांच्या मोटारी खरंच जळाल्या होत्या, ते लोक तो बघून दुकानात आले.

इथं अण्णांची जाहिरात झाली की नाही? झाली, आणि त्यांचा चेहरा जेमतेम दहा सेकंद दिसला. शिवणक्लास असेल तर गळ्याची पट्टी कुठं चुणते ते दाखवा, नर्सरी असेल तर केशर आंब्याच्या कलमाचा जोड कुठं बघायचा ते दाखवा. "फुकट शिकवलं तर गिऱ्हाईक घरीच करंल" ही भीती मला नेहमी ऐकायला मिळते. मोटार उघडून तारा भरणं व्हिडिओ बघून कुणी करत नाही हो.

"नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे..."

हे वाक्य काढून टाका. त्यानंतरचं "लाइक करा, शेअर करा, बेल दाबा" हेही काढा. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याचा आलेख मिळतो. स्वागताचं वाक्य असलेला आणि नसलेला असे तुमचेच दोन व्हिडिओ शेजारी ठेवून बघा, मी वेगळं सांगायची गरज उरणार नाही.

सुरुवातीला काय बोलायचं ते गिऱ्हाइकाकडूनच घ्या. फोनवर त्याचं पहिलं वाक्य काय असतं? "अण्णा, मोटार उचलंना गेली." झालं, व्हिडिओचं पहिलं वाक्य हेच: "मोटार उचलंना गेली, तर आधी काय बघायचं?"

आवाजाकडं दुर्लक्ष

चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, आवाज घुमला की लगेच पुढं जातात. तरी पैसे कायम कॅमेऱ्यावर जातात आणि माइकची आठवण शेवटी येते.

आपली दुकानं म्हणजे वर पत्रा नाहीतर स्लॅब, खाली फरशी, समोर लोखंडी शटर. आवाज आपटायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. उपाय घरातलाच: कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बाजूला दोन वाकळा किंवा गोधड्या दोरीवर टाका, खाली सतरंजी अंथरा. कापड दुकानवाल्याला हेही नको, त्याच्या थप्प्याच आवाज पितात. पंखा आणि कूलर बंद. आणि खरं सांगू, लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग फार छान होतं. पंखा नाही, शेजारची पिठाची गिरणी नाही, वेल्डिंगवाला नाही. भारनियमनाचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडलाय.

फोन हातभर लांब असेल तर साधा कॉलर माइकही पुष्कळ फरक पाडतो. तो शर्टाच्या आत खुपसू नका, कापड घासल्याची खरखर येते. हनुवटीपासून वीतभर खाली, बाहेरच्या बाजूनं लावा. शेतात वारं असेल तर माइकवर केसाळ टोपी हवी, पातळ स्पंजनं मोकळ्या रानातलं वारं थांबत नाही.

आता माझी फजिती. परभणीकडच्या एका दूध डेअरीवाल्याची मी दोन तास मुलाखत घेतली. वायरलेस माइक त्याच्या कॉलरला, हिरवा दिवा चालू, मी निर्धास्त. घरी येऊन बघतो तर फोननं तो माइक धरलाच नव्हता. सगळा आवाज फोनच्या स्वतःच्या माइकवर, आणि फोन म्हशींच्या गोठ्याशेजारी. मालकापेक्षा म्हशी स्पष्ट ऐकू येत होत्या. तेव्हापासून नियम: आधी दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, माइकवर नखानं टकटक करायची आणि इअरफोन लावून ऐकायचं. टकटक मोठी आली तर माइक चालू आहे. लांबून, दबकी आली तर नाही. जुन्या पिनेचा माइक कन्व्हर्टर लावून टाइप-सी फोनला जोडताय? मग ही टकटक चुकवूच नका, सगळे कन्व्हर्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत.

फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, हे वेगळं सांगायला नको. पण सांगतो, कारण मीच विसरतो.

ऊन, ट्यूबलाइट आणि काळे पट्टे

आपल्याकडं उजेडाला तोटा नाही, तो अतीच आहे. भर दुपारी बाहेर उभं राहिलात तर डोळ्यांखाली काळ्या खोबणी पडतात आणि टोपी असेल तर तोंडच दिसत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कललं की करा. आत करायचं असेल तर दाराकडं तोंड करून उभं राहा. बहुतेक जण दाराकडं पाठ करतात, मागं रस्ता लखलखीत दिसतो आणि माणूस काळा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड तिथं लॉक होतो, मग बोलता बोलता चित्र उजळ-अंधारं होत नाही.

एप्रिल-मेमध्ये उन्हात शूटिंग करताना फोन तापतो, पडदा मंद होतो आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. फोन बिघडला असं वाटून घाबरू नका. कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं. एका गड्यानं ठेवला होता.

दुकानातल्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. त्यामुळं ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण 30 फ्रेमवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी फ्लिकर असेल तर 50 हर्ट्झ निवडा. प्रो मोड असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. दोन्ही नसेल तर तो दिवा बंद करून दाराशी या.

किरकोळ दिसणाऱ्या, पण रोज होणाऱ्या

लेन्स पुसत नाहीत. किराणा दुकानात, तेलाच्या घाण्यावर तर नक्कीच नाही, आणि मग व्हिडिओ धुक्यातला वाटतो.

सेल्फी कॅमेऱ्यानं केलेल्या व्हिडिओत काही फोनवर पाटी उलटी येते. सेटिंगमध्ये मिरर बंद करा.

रील उभी असते, 9:16. फोन नंबर अगदी खाली टाकला तर इन्स्टाग्रामची बटणं आणि कॅप्शन त्यावर बसतात. नंबर मध्याच्या जरा वर हवा आणि निदान चार सेकंद थांबायला हवा. अर्ध्या सेकंदात नंबर कोण लिहून घेणार?

व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओच पुढं यूट्यूबला चढवतात. व्हॉट्सअॅप फाइल दाबून लहान करतं, त्यामुळं चौकोन फुटतात. एडिटरकडून फाइल घेताना ती डॉक्युमेंट म्हणून मागा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

मराठी अक्षरं तुटतात, रफार भलतीकडं जातो. फ्लेक्सवाल्याकडचे जुने फॉन्ट इथं चालत नाहीत. युनिकोड फॉन्ट घ्या, मुक्त (Mukta) किंवा बलू (Baloo) नावाचे हे दोन्ही फुकट मिळतात. तरीही अॅप अक्षरं तोडत असेल तर मजकुराचं चित्र करून तेच व्हिडिओवर ठेवा.

गाण्याचं जरा नीट समजून घ्या. यूट्यूबवर कुणाचं गाणं लावलं तर बऱ्याचदा कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम येतो. तेव्हा व्हिडिओ तसाच राहून जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक वेगळी, ती मालकानं तक्रार करून व्हिडिओच काढायला लावला की येते. 90 दिवसांत तीन स्ट्राइक आल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं असेल तर गाण्यांची यादीच तोकडी दिसते, ते फोनचं खूळ नाही. माझ्या मते गाणं लावूच नका. घाण्याचा करकर आवाज, कढईतला चर्र आवाज, लेथचा आवाज, हेच लोकांना ऐकायचंय.

पुण्याची भाषा उसनी आणणं

चांगला बोलका माणूस कॅमेरा सुरू झाला की बातम्या द्यायला लागतो. "आमच्या येथे सर्व प्रकारची दर्जेदार सेवा माफक दरात उपलब्ध आहे." असं तुम्ही गिऱ्हाइकाशी कधी बोलता का? नांदेडचा माणूस नांदेडसारखं बोलला तर नांदेडचं गिऱ्हाईक थांबतं. "काय करायलाव मामा" यात लाजण्यासारखं काही नाही. कागदावरून वाचूही नका. समोर एक ओळखीचा माणूस बसवा, त्याला सांगा, आणि तो "हां, मग?" म्हणेल तिथंच पुढं बोला. नंतर त्याचा आवाज कापता येतो.

गावाचं नावच नाही

शीर्षक असतं "न्यू व्हिडिओ 7" किंवा "माय बिझनेस". लातूरच्या माणसानं तुम्हाला शोधायचं कसं? काम, तालुका, जिल्हा मराठीत लिहा. आपल्याकडं आणखी एक गंमत आहे. 2023 मध्ये नावं बदलली, पण शोधणारे अजून दोन्ही टाकतात. म्हणून वर्णनात छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद, दोन्ही असू द्या. हा राजकारणाचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकाच्या बोटांच्या सवयीचा आहे.

गूगल मॅपवर दुकान नोंदवलेलं असेल तर तिथंही 30 सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ टाकता येतो. लोक हे विसरतातच, आणि घाईत मेकॅनिक शोधणारा माणूस तर तिथंच येतो. त्या व्हिडिओत बसस्टँडपासून दुकानापर्यंतचा रस्ता दाखवला तरी पुरे.

"हार्टचे ब्लॉकेज निघतात"

इथं जरा थांबतो, कारण ही चूक महागात पडू शकते. करडईच्या लाकडी घाण्याच्या तेलाचा व्हिडिओ करायला गेलो की मालक हमखास म्हणतात, शुगर जाते म्हणा, ब्लॉकेज निघतात म्हणा. म्हणू नका. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, हृदयविकार अशा आजारांवर इलाज म्हणून जाहिरात करण्याला 1954 च्या औषध आणि जादूटोणा उपचारविषयक जाहिरात कायद्यात मनाई आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि पैसे घेऊन तुमची शिफारस करणारा रीलवाला पोरगाही त्यात येतो. तेल विकायचंय ना? करडई कुठून आली, एका घाण्याला किती वेळ लागला, पेंड कशी निघाली, ते दाखवा.

लातूरच्या क्लासवाल्यांनाही सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा व्हिडिओ वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी आणि तो कोणत्या कोर्सला होता तेही लिहायला हवं. टेस्ट सिरीजला आलेला मुलगा "आमचा" म्हणून रीलमध्ये नाचवता येणार नाही. "सिलेक्शनची हमी" तर नाहीच नाही.

व्ह्यूज आले, फोन आले नाहीत

आधी व्ह्यूज कुठले ते बघा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये बघणाऱ्यांची शहरं दिसतात. हिंदी गाणं आणि विनोदी मीम लावलेली रील देशभर फिरते. पाटण्याच्या माणसाला केजमधली मोटार दुरुस्त करून नकोय. आपल्या चार तालुक्यांतली तीनशे माणसं पुष्कळ झाली. पैसे देऊन फॉलोअर घेतले असतील तर आणखी वाईट, ती खाती पुढचा व्हिडिओ बघत नाहीत आणि तुमची आकडेवारीच पडते.

शहरं बरोबर असूनही फोन नसतील तर किमतीकडं बघा. "किंमत इनबॉक्समध्ये" लिहिलं की आपला माणूस समजतो महाग असणार. निदान "पासून" म्हणून आकडा सांगा.

आणि अण्णांच्या बाबतीत झालं ते तपासा. दुसरा व्हिडिओ चालला, लोक दुकानात आले, पण फोन मात्र वाजेना. आठवड्यानं उलगडा झाला. व्हिडिओवरचा नंबर शिकायला पुण्यात असलेल्या मुलाचा होता, इन्स्टाग्रामचं खातं त्यानंच काढलेलं. अनोळखी नंबर तो उचलतच नव्हता. त्याच्या कॉल लिस्टमध्ये एकोणीस मिस्ड कॉल होते. अण्णांनी दुकानात बसून एकेकाला फोन लावला. आठ जणांनी तोवर मोटार दुसरीकडं टाकली होती, तिघांची अजून विहिरीतच होती.