चादरीचा खरा रंग फोटोत आणायचाय? आधी कागद ठेवा

सोलापुरी चादरी ऑनलाइन विकताना हे हमखास होतं, दुकानात मस्त मरून दिसणारी चादर फोटोत जांभळट येते आणि गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळाच पाठवला. कॅमेरा खराब नसतो ओ, आपला डोळाच लय हुशार आहे. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास, तरी पांढरा सदरा दोन्हीकडे पांढराच वाटतो, कारण मेंदू उजेडाचा रंग आपोआप वजा करतो. कॅमेरा मात्र अंदाज बांधतो, आणि अख्खी फ्रेम लाल चादरीने भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगाची दुरुस्ती, गंडतो, उजेडच लाल आहे समजून निळसर झाक मिसळतो.

म्हणून चादरीवर ग्रे कार्ड (फोटोतला रंग जुळवायचं साधं राखाडी कार्ड) ठेवून त्याच उजेडात एक फोटो काढा, ते नसेल तर साधा पांढरा कागद चालेल, फक्त निळसर चकाकणारा नको. मग एडिटिंगमधे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (रंग उचलायचं पिचकारीसारखं चिन्ह) फोटोतल्या त्या कार्डावर किंवा कागदावर टेकवा आणि तीच सेटिंग बाकी फोटोंना लावा.

खिडकीजवळ काढताय तर बल्ब-ट्यूब बंदच करा, नाहीतर चादरीवरच्या मोराचं अर्धं अंग पिवळं अर्धं निळं येतं आणि ते कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. आपल्याकडच्या कडक उन्हात तर लाल रंग जळून विणीचे धागेच दिसेनात, त्यापेक्षा सावली बरी, पण हिरव्या भिंतीशेजारची नको, तिचा रंग चादरीवर उतरतो. आणि हो, रंग तपासताना मोबाईलचा स्क्रीन पिवळट करणारा नाइट मोड बंद ठेवा.