बरिटो गुंडाळण्याआधीच बोला

मेक्सिकन फास्ट फूडच्या काउंटरवर बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेलं सारण, आपल्या डोळ्यांसमोर भरला जातो. आधी टॉर्टिया (ती पोळी) गरम, मग भात, बीन्स, मांस किंवा भाज्या, साल्सा (टोमॅटोची तिखट चटणी), चीज. काही कमी वाटलं तर ते त्याच घडीला सांगा. एकदा टॉर्टिया गुंडाळून फॉइलमध्ये गेला की तो उघडताना हमखास फाटतो, आणि मागच्या रांगेसमोर कर्मचाऱ्याचीही पंचाईत होते. मी एकदा संकोचून गप्प बसले आणि घरी येऊन नुसत्या भाताचा बरिटो खाल्ला. तेव्हापासून "बीन्स अजून थोडे घाला ना" असं सरळ म्हणते, आणि बहुतेक वेळा घालतातही. ग्वाकामोलेचे (ॲव्होकाडोच्या चटणीचे) मात्र अनेक ठिकाणी वेगळे पैसे लागतात, ते आधीच विचारून घ्या, म्हणजे बिलावर वाद नको.

ॲलर्जी असेल तर काउंटरवरच्या पहिल्याच माणसाला सांगा, शेवटच्याला नव्हे. हातमोजे बदलायचे, चमचे बदलायचे, तर ते सुरुवातीलाच. बरिटोचा मऊ टॉर्टिया सहसा गव्हाचा असतो, म्हणून गव्हातलं ग्लुटेन चालत नसेल तर टॉर्टियाशिवाय तेच सारण वाडग्यात (bowl) घ्या. शाकाहारी असाल तर बीन्स कशात शिजवलेत तेही विचारा, कारण रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून, ठेचून परतलेल्या बीन्समध्ये) पारंपरिकपणे डुकराची चरबी वापरतात.

ॲपवरची ऑर्डर आपण पाहत नसतो, म्हणून पिशवी तिथेच उघडून बघा. चूक निघाली तर पावती दाखवून शांतपणे "यात साल्सा राहिलाय" एवढंच सांगा. समोरचा माणूस दिवसभर उभा असतो, आवाज चढवला नाही तर तो मनापासून दुरुस्त करून देतो.